सिएनाची मध्ययुगीन कला

इटलीतील टस्कनी प्रांतातल्या सिएना या नगरराज्यात तेराव्या-चौदाव्या शतकांत बहरलेली चित्र व वास्तुकला. मध्ययुगीन युरोपात धर्म आणि नगरशासन एकमेकांत किती गुंतले होते, हे समजून घ्यायला सिएनाइतके बोलके ठिकाण क्वचितच सापडेल. १२६० मध्ये मोंतापेर्तीच्या लढाईच्या तोंडावर सिएनाकरांनी आपले शहर कुमारी मेरीच्या चरणी अर्पण केले आणि बलाढ्य फ्लॉरेन्सचा पराभव केला. तेव्हापासून मेरी ही या नगराची अधिष्ठात्री झाली. १२८७ ते १३५५ या काळात कारभार ‘नऊजणांचे मंडळ’ पाहत असे. त्याचे सभासद दर दोन महिन्यांनी बदलत.

चित्रकार दूच्चो याने कॅथीड्रलच्या (शहरातील मुख्य चर्चच्या) मुख्य वेदीसाठी रंगवलेले ‘माएस्ता’ (सिंहासनस्थ मेरी) ९ जून १३११ रोजी त्याच्या कार्यशाळेतून मिरवत नेण्यात आले. दुकाने बंद होती, घंटा वाजत होत्या आणि पाद्र्यांबरोबर नऊजण व अधिकारीही मिरवणुकीत चालत होते. चित्रात सिएनाचे चार रक्षक संत मेरीपुढे गुडघे टेकून आहेत. सिंहासनाच्या पायथ्याशी दोन मागण्या लिहिलेल्या आहेत : सिएनाला शांती आणि दूच्चोला आयुष्य.

पुढे १३१५ मध्ये सिमोने मार्तीनीने हीच सिंहासनस्थ मेरी रंगवली, पण ती पालात्सो पुब्लिको या नगरभवनाच्या सभागृहात. तेथे चित्रातील ओळींत मेरी सभासदांना बजावते की, फुलांपेक्षा मला सत्सल्ला अधिक आवडतो, आणि दुबळ्यांना छळणाऱ्यांसाठी माझ्याकडे रदबदली करू नका.

त्याच इमारतीत नऊजणांच्या दालनात आंब्रोजो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये सुशासन व कुशासन यांची भित्तिचित्रे रंगवली. प्रस्तुत लेखकाच्या मते मध्ययुगीन राजकीय विचाराचा इतका सविस्तर चित्रमय आविष्कार दुसरा नाही. न्यायदेवतेच्या तराजूतून दोन दोऱ्या खाली येतात. ‘ऐक्य’ ही स्त्रीरूप मूर्ती त्या हाती घेते, पीळ घालून चोवीस नागरिकांकडे सोपवते, आणि नागरिक ती दोरी समाईक हिताचे प्रतीक असलेल्या शासकापर्यंत पोहोचवतात. ऐक्याच्या मांडीवर सुताराचा रंधा आहे. नागरिकांमधले चढउतार तासून त्यांना एका पातळीवर आणणे हे तिचे काम. शासकाची वस्त्रे काळी-पांढरी, म्हणजे सिएनाच्या रंगांची आहेत.

शेजारच्या भिंतीवर सुशासनाची फळे दिसतात. गवंडी इमारत चढवत आहेत, दुकाने उघडी आहेत, रस्त्यावर फेर धरला आहे. वेशीबाहेर मळणी चालू आहे आणि एक शेतकरी पाठीवर पांढरा पट्टा असलेले डुक्कर शहराकडे हाकत आणतो. ही जात तिथे आजही पाळतात. वेशीवर तरंगणारी ‘सुरक्षितता’ एका हातात लेख धरते : या नगरात न्यायाची सत्ता आहे तोवर प्रत्येकाने निर्भयपणे चालावे, पेरावे. दुसऱ्या हातात फासावर लटकलेला माणूस आहे. शांतीचा आधार दंडशक्तीच होती, हे या चित्राने लपवलेले नाही. समोरच्या भिंतीवर शिंगे फुटलेला जुलूम बसला आहे, न्याय त्याच्या पायाशी बांधलेला पडला आहे.

वास्तूंतही हाच विचार आहे. नगरभवनासमोरच्या शिंपलीच्या आकाराच्या काम्पो चौकाची फरसबंदी नऊ भागांत विभागलेली आहे. चौकावरील घरांच्या खिडक्या कशा असाव्यात याचा नियम १२९७ मध्येच झाला होता. १३३९ मध्ये कॅथीड्रल इतके वाढवायचे ठरले की जुनी इमारत नव्या इमारतीची केवळ आडवी बाजू ठरली असती. १३४८ च्या प्लेगने शहराची लोकसंख्या घटली, बांधकामातील दोषही पुढे आले आणि काम सोडून द्यावे लागले. त्याची अपुरी दर्शनी भिंत अजून उभी आहे. दूच्चोचे वेदीचित्र १७७१ मध्ये करवतीने कापले गेले. त्याचे बहुतेक भाग सिएनाच्या कॅथीड्रल संग्रहालयात, तर काही लंडन, न्यूयॉर्क व वॉशिंग्टन येथे आहेत. सिएनाच्या ऐतिहासिक भागाला १९९५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.