विटा झेलणारे हात: जेरी राइसच्या कॉलेजच्या दिवसांची पार्श्वभूमी

अमेरिकन फुटबॉलमधला वाइड रिसीव्हर म्हणजे मैदानाच्या कडेला उभा राहणारा, डाव सुरू होताच सुसाट पळणारा आणि क्वार्टरबॅकने लांबून फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू. सीमारेषेवर पळत जाऊन झेल घेणारा क्षेत्ररक्षक डोळ्यांपुढे आणा. फरक इतकाच, की इथे झेल घेतला त्याच क्षणी कुणीतरी अंगावर आदळणार असतं. या जागेवर खेळलेल्यांत जेरी राइसला बहुतेक जाणकार पहिला क्रमांक देतात. १९८५ ते २००४ या २० हंगामांत १५४९ झेल आणि त्या झेलांवर मैदानात कापलेले २२,८९५ यार्ड. हे आकडे व्यावसायिक खेळातले. मला कुतूहल आहे ते त्याच्या आधीच्या चार वर्षांचं, कारण ती त्याने अशा कॉलेजात काढली जिथे मोठ्या वर्तमानपत्रांचे वार्ताहर सहसा फिरकत नसत.

राइसचा जन्म १३ ऑक्टोबर १९६२ चा, मिसिसिपी राज्यातल्या स्टार्कव्हिलचा. त्याच्या दोनच आठवडे आधी त्याच राज्यातल्या ऑक्सफर्डमध्ये जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला विद्यापीठात प्रवेश मिळू नये म्हणून दंगल उसळली होती. दोन माणसं मेली आणि सैन्य आणावं लागलं. त्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरायला १९७२ उजाडलं. तोवर दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय मुलांना फुटबॉल खेळायचा तर त्यांच्यासाठीच निघालेली कॉलेजं होती: ग्रॅम्ब्लिंग, जॅक्सन स्टेट, अल्कॉर्न. या खेळातला दिग्गज वॉल्टर पेटन जॅक्सन स्टेटमधूनच आला. गोऱ्यांच्या विद्यापीठांनी दारं उघडली आणि या कॉलेजांची गोची झाली. चांगली पोरं मोठ्या विद्यापीठांनी उचलायला सुरुवात केली आणि मागे उरली ती कुणाच्या नजरेत न भरलेली.

राइस त्यांपैकीच एक. तो वाढला क्रॉफर्ड नावाच्या खेड्यात. वडील जो नेथन राइस गवंडी होते, आठ भावंडं, आणि उन्हाळ्यात पोरांनी बापाच्या हाताखाली राबायचं हा शिरस्ता. जेरी परांचीवर उभा राहायचा आणि भाऊ खालून विटा वर फेकायचे. एकदा चार विटा एकदम आल्या, हवेत सुट्या झाल्या आणि त्याने चारही पकडल्या, असं तो पुढे सांगत असे. थोडं तिखटमीठ असेलही. पण भाजलेली वीट उघड्या हाताने झेलायची तर चेंडू झेलताना घेतो तसा हात मागे घ्यावा लागतो, नाहीतर बोटं सोलपटतात. ते ‘मऊ हात’ म्हणून प्रशिक्षक ज्याचं कौतुक करतात, ते बहुधा तिथेच घडले.

फुटबॉलकडे मात्र तो वळला शिक्षेमुळे. शाळा बुडवताना मुख्याध्यापकांनी पकडलं तर हा जो धूम पळाला, तो वेग बघून त्यांनी मार तर दिलाच, वर फुटबॉलच्या प्रशिक्षकाकडेही पाठवलं. शाळेत चांगला खेळूनही एकाही बड्या विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती देऊ केली नाही. मिसिसिपी स्टेट विद्यापीठ तर त्याच्या जन्मगावातच, तरीही नाही. अखेर १९८१ मध्ये तो गेला मिसिसिपी व्हॅली स्टेटमध्ये, इट्टा बेना या डेल्टातल्या, कापसाच्या शेतांनी वेढलेल्या गावी. (ब्लूजचे चाहते हे नाव ओळखतील, बी. बी. किंगचा जन्म याच गावाजवळचा.)

तिथले प्रशिक्षक आर्ची कूली, टोपणनाव ‘गनस्लिंगर’. ताकदीत आपला संघ इतरांना पुरा पडणार नाही हे ओळखून त्यांनी डाव हवेत नेला. दोन डावांच्या मध्ये डोकी एकत्र करून खलबत करायची पद्धतच बंद केली. समोरचा संघ श्वास घेतोय तोवर पुढचा चेंडू सुटलेला असे. चार-चार रिसीव्हर एकाच बाजूला, एकामागे एक रांगेत उभे करायचे; कोण कुठे पळणार हे बचाव करणाऱ्यांना कळेपर्यंत राइस मोकळा. चेंडू फेकणारा विली टॉटन आणि झेलणारा राइस, ही जोडी इतकी जमली की सोबत्यांनी राइसला ‘वर्ल्ड’ म्हणायला सुरुवात केली: जगात याला न झेलता येणारा चेंडूच नाही.

१९८३ मध्ये त्याने १०२ झेल घेतले, त्यातले २४ सदर्न विद्यापीठाविरुद्धच्या एकाच सामन्यात. १९८४ चा हंगाम तर अचाट होता. संघाची सरासरी सामन्यामागे ६०.९ गुण. केंटकी स्टेटचा ८६-० असा फडशा. राइसचे २७ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार नेऊन मिळवलेले गुण) हा तेव्हाचा कॉलेज फुटबॉलच्या सर्व विभागांतला विक्रम. नोव्हेंबरमध्ये अल्कॉर्नशी गाठ पडली, दोघेही अपराजित. जॅक्सनच्या स्टेडियममध्ये साठ हजारांहून अधिक लोक लोटले. व्हॅली, म्हणजे राइसचा संघ, ४२-२८ हरली. पुढे बाद फेरीत लुइझियाना टेकने ६६ गुण चढवले. गुण करणं आणि गुण रोखणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि कूलींचं मन पहिल्यातच रमत असावं.

हाइझमन ट्रॉफी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूचा पुरस्कार, तिच्या मतदानात राइस नववा आला. दुय्यम विभागातल्या खेळाडूसाठी ते थोडं नव्हतं, पण शंका उरलीच. आकडे खेळाडूचे की कूलींच्या पद्धतीचे? समोरचे संघ तरी कितपत तगडे? शिवाय ४० यार्डांच्या शर्यतीतला त्याचा वेळ व्यावसायिक संघांसाठी खेळाडू हेरणाऱ्या स्काउटांना मनासारखा वाटला नव्हता. शंका अगदीच बिनबुडाची नव्हती, हे मान्य करायला हवं.

१९८४ च्याच ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्स या व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक बिल वॉल्श सामन्यासाठी ह्यूस्टनला होते. रात्री हॉटेलच्या टीव्हीवर त्यांना व्हॅलीच्या सामन्याची झलक दिसली आणि राइस त्यांच्या डोक्यातून जाईना. १९८५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात त्यात, त्यांचा क्रमांक अठ्ठाविसावा होता. तोवर राइस उरणार नाही या धास्तीने त्यांनी न्यू इंग्लंड पेट्रियट्सशी सौदा केला, सोळावा क्रमांक मिळवला आणि राइसला घेतलं. त्याआधी दोन रिसीव्हर निवडले गेले होते, विस्कॉन्सिनचा अल टून आणि मायामीचा एडी ब्राउन. दोघेही बड्या विद्यापीठांचे. इट्टा बेनाच्या मैदानाला आज राइस-टॉटन स्टेडियम म्हणतात.