झायनचा रिव्हरसाइड वॉक : आजी-आजोबा आणि नातवंडांनी मिळून चालायची वाट
(अमेरिकेला जाणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

लेक-जावई किंवा मुलगा-सून अमेरिकेत असतात, नातवंडांना सुट्टी लागते आणि लास वेगासहून झायनची फेरी ठरते. तिकिटं काढायला राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात आलेली मंडळी सगळ्यात आधी गुडघेदुखीच्या विषयावर येतात. "चढ किती हाय?" जाऊन-येऊन साडेतीन किलोमीटरच्या वाटेवर सगळा मिळून सतराएक मीटर. वाट पक्की बांधलेली आहे, पहिल्या टप्प्यात धरायला कोणी असेल तर व्हीलचेअरही जाते. दीड तास पुरतो. पोरं बरोबर असतील तर दोन तास धरा, कारण ती दर दहा पावलांवर थांबणार, आणि थांबू द्यावीत.

झायन हे युटा राज्यातलं राष्ट्रीय उद्यान. १९०९ मध्ये ते संरक्षित स्मारक झालं, १९१९ मध्ये राष्ट्रीय उद्यान. वाळवंटी मुलखात व्हर्जिन नदीने लाल खडक कापत ही दरी खोदली आहे. हा नावाहो वालुकाश्म म्हणजे डायनासोरच्या काळातल्या वाळूच्या टेकड्या दबून दगड झालेल्या. भिंतींवरच्या तिरक्या रेघा नातवंडांना जरूर दाखवा. त्या काळी वारा कुठल्या बाजूने वाहत होता, हे त्यावरून कळतं.

वाटेवरचं खरं नवल मात्र ओल्या भिंतींचं आहे. वर पडलेलं पावसाचं आणि बर्फाचं पाणी वालुकाश्मात मुरतं. खाली केयेंटा नावाचा घट्ट थर लागला की त्याला खाली वाट मिळत नाही, मग ते आडवं सरकतं आणि कड्यातून पाझरतं. वरून इथवर यायला त्या पाण्याला शेकडो, काही ठिकाणी हजारो वर्षं लागतात. या ओलीवर ऐन वाळवंटात हंसराजाची नेची लोंबतात. झायन स्नेल नावाची चिमुकली गोगलगायही अशाच ओल्या खडकांवर राहते, जगात फक्त याच उद्यानात. म्हणून भिंतीला हात लावून शेवाळं खरवडू नका, पोरांनाही सांगा.

पोचण्याचं गणित. वेगासहून गाडीने तीन तास. पण युटाचं घड्याळ वेगासच्या एक तास पुढे असतं. सकाळी सहाला निघालात तर तिथे दहा वाजलेले असतात, आणि तोवर सीझनमध्ये पार्किंग भरलेलं असतं. आमचा सल्ला, आदल्या रात्री उद्यानाच्या दाराशी असलेल्या स्प्रिंगडेल गावात मुक्काम करा. सीझनमध्ये आतल्या रस्त्यावर खासगी गाड्या सोडत नाहीत. उद्यानाची मोफत शटल बस घ्यायची आणि पाऊणएक तासात शेवटच्या थांब्यावर, टेंपल ऑफ सिनावावाला उतरायचं. स्वच्छतागृह आणि पिण्याच्या पाण्याचा नळ तिथेच आहे. दोन्हींचा उपयोग करूनच पुढे निघा.

प्रवेश गाडीमागे ३५ डॉलर, तो सात दिवस चालतो. मात्र १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्या, १६ वर्षं आणि त्यापुढच्या पाहुण्यांना माणशी १०० डॉलर जादा आहेत. घरच्यांना हे आधी सांगा, दारात चर्चा नको.

उन्हाळ्यात पारा ३८ अंशांच्या वर जातो. तिथली हवा कोरडी असते, घाम येताक्षणी वाळतो आणि आपण तापलोय हे लक्षातच येत नाही. कोल्हापूरच्या दमट हवेत वाढलेल्या माणसाची इथे हमखास फसगत होते. एवढ्या छोट्या वाटेलाही माणशी लिटरभर पाणी आणि ओआरएसची दोन पाकिटं ठेवा. जुनी कोल्हापुरी चप्पल कितीही सवयीची असली तरी हॉटेलवरच ठेवा. पकड असलेले बूट घाला. भडंग न्या, खुशाल खा, पण खारीला एक दाणाही नको. तिथल्या खारी माणसाळलेल्या आहेत, थेट पिशवीत तोंड घालतात आणि चावतातही. त्यांना खाऊ घालणं हा दंडाचा गुन्हा आहे.

आता पाण्याविषयी, आणि हे नीट वाचा. वाट संपते तिथे नदी समोर येते आणि त्यापुढे ‘नॅरोज’ची अरुंद घळ सुरू होते. तिथून पुढची वाट म्हणजे नदीचं पात्रच. काठीवाले, खास बूट भाड्याने घेतलेले लोक पाण्यात शिरताना दिसतात आणि नातवंडं हात ओढायला लागतात. आपण मात्र काठावरूनच परत फिरायचं. कोल्हापूरकराला याचं कारण लांबून समजवावं लागत नाही. इथे ऊन असतं, वर गगनबावड्यात पाऊस कोसळतो आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी चढतं. फरक इतकाच, की पंचगंगा चढायला तास-दिवस घेते, तिथली घळ काही मिनिटांत भरते. सप्टेंबर २०१५ मध्ये याच उद्यानातल्या कीहोल नावाच्या घळीत अशा लोंढ्याने सात जणांचा जीव घेतला.

जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत हा धोका जास्त. व्हिजिटर सेंटरवर त्या दिवसाचा पुराचा अंदाज लावलेला असतो. ‘प्रॉबेबल’ किंवा ‘एक्स्पेक्टेड’ लिहिलेलं असेल तर पाण्याजवळही जाऊ नका. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या वाहून येऊ लागल्या किंवा वरून घरघर ऐकू आली, तर फोटो राहू दे, उंचावर चढा. नदीत विषारी सायनोबॅक्टेरियाही आढळले आहेत, त्यामुळे ते पाणी पिऊ नका, तोंडावर मारू नका.

महिना निवडायची मुभा असेल तर ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरची सुरुवात. कॉटनवुडची झाडं तेव्हा पिवळीजर्द होतात आणि ऊन सोसवतं. थंडीत वाटेवर बर्फ धरतो. वयस्करांना आम्ही तेव्हा सुचवत नाही.

शेवटच्या शटलची वेळ महिन्यागणिक बदलते. ती चुकली तर अंधारात बारा-तेरा किलोमीटर चालत यावं लागतं. तिकिटांसोबत त्या महिन्याचं वेळापत्रक आम्ही छापून देतो. ते सूटकेसमध्ये न टाकता खिशात ठेवा.