मलेरियाच्या पोटातलं शेवाळ

लावणीच्या दिवसांत तळकोकणात आरोग्यसेवक घरोघरी डॉक्सीसायक्लीनच्या कॅप्सूल देतात, लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरा जिवाणूमुळे येणारा ताप, होऊ नये म्हणून. हीच डॉक्सी मलेरियाच्या औषधांतही मोडते, हे कळलं की काही जणांना वाटतं, चला, एका कॅप्सुलीत दोन्ही ताप टळले. तसं होत नाही. लेप्टोसाठी ती आठवड्यातून एकदा घेतात. मलेरिया टाळायचा तर रोज घ्यावी लागते. आणि मलेरिया झाल्यावर ती एकटी कधीच देत नाहीत, कारण तिचा परिणाम दिसायला वेळ लागतो.

पण मुळात ती मलेरियावर चालते हेच नवल आहे. डॉक्सी जिवाणूंची प्रथिनं बनवणारी यंत्रणा, म्हणजे रायबोसोम, बंद पाडते. लेप्टोस्पायरा जिवाणू आहे, तेव्हा ते ठीक. मलेरियाचा प्लाझ्मोडियम जिवाणू नाही. तो एकपेशीय परजीवी; त्याच्या पेशीत आपल्या पेशीसारखंच केंद्रक असतं. मग डॉक्सीला त्याच्यात मारायला सापडतं काय?

सापडतं एक शेवाळ. कोट्यवधी वर्षांपूर्वी प्लाझ्मोडियमच्या पूर्वजानं एक लाल शैवाल गिळलं आणि ते पचलंच नाही. ओहोटीला आपल्या खडकांवर जे तांबूस शेवाळ दिसतं, त्याचं हे फार दूरचं भावंड. त्याचं हरितद्रव्य गेलं, प्रकाशाशी संबंध सुटला, उरली चार पडद्यांत गुंडाळलेली एक बारीक पिशवी: एपिकोप्लास्ट. शैवालाचं हरितलवक, म्हणजे पेशीतला हरितद्रव्य असलेला भाग, मुळात जिवाणूपासून आलेलं, त्यामुळे या पिशवीतले रायबोसोमही जिवाणूच्या धाटणीचे. डॉक्सी नेमकी तिथे बसते. गंमत अशी, की औषध लागलेला परजीवी लगेच मरत नाही. तो रक्तपेशीत आपलं ४८ तासांचं चक्र पुरं करतो, पिल्लं बाहेर सोडतो, पण त्यांच्या वाट्याला बिघडलेली पिशवी येते आणि पुढच्या चक्रात ती मरतात. डॉक्सी संथ असते ती यामुळे.

ही पिशवी परजीवीसाठी करते काय, याचा माग जनुकांच्या ऑनलाइन कोठारांनी दिला. मलेरियाच्या घातक जातीचा, फॅल्सिपेरमचा, पूर्ण जनुकसंच २००२ साली प्रसिद्ध झाला: १४ गुणसूत्रं, डीएनएची सुमारे २ कोटी ३० लाख अक्षरं, ५,३०० च्या आसपास जनुकं. पण वाचन चालू असतानाच तुकडे सर्वांसाठी खुले केले जात होते. १९९९ मध्ये जर्मनीतल्या हसन जोमा यांच्या गटानं त्या अपुऱ्या माहितीत जिवाणूंच्या दोन एन्झाइमांशी, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांशी, जुळणारी जनुकं शोधली. शोधाची रीत सरळ आहे. जिवाणूच्या प्रथिनाची अमिनो आम्लांची ओळ द्यायची. संगणक ती कोठारातल्या प्रत्येक ओळीशेजारी सरकवून पाहतो, जुळलं तर गुण देतो, चुकलं तर कापतो, आणि योगायोगानं इतके गुण मिळण्याची शक्यता किती तेही सांगतो. दोन्ही जनुकं मिळाली. प्रथिनांच्या सुरुवातीला एपिकोप्लास्टकडे नेणारा जादा तुकडाही होता, जणू पाकिटावरचा पत्ता. आत पोचल्यावर तो कापला जातो. ही एन्झाइमं आयसोप्रीन नावाचे पाच कार्बनी घटक ज्या वाटेनं बनवतात, ती वाट माणसात नाही. आपण तेच घटक वेगळ्या मार्गानं बनवतो. म्हणून त्यातलं एक एन्झाइम अडवणारं फॉस्मिडोमायसिन हे जुनं अँटिबायोटिक मलेरियावर तपासलं गेलं. रुग्णांत ताप उतरला, पण एकट्या औषधानं परजीवी पुन्हा उलटत होता.

२०११ मध्ये अमेरिकेत तर प्रयोगशाळेतल्या परजीवीला हा आयसोप्रीनचा घटक बाहेरून पुरवला, आणि रक्तातल्या अवस्थेत तो एपिकोप्लास्ट गमावूनही जगला. एवढ्या एका घटकासाठी त्यानं ते शेवाळ सांभाळलं होतं.

इथे एक सांगायलाच हवं. मलेरियाचा ताप त्या ४८ तासांच्या चक्रामुळे चढतो आणि मधे आपोआप उतरतो. त्या उतरण्याचं श्रेय आजही गावोगाव अंगाऱ्याला आणि गाऱ्हाण्याला मिळतं, आणि रक्ततपासणी लांबते. देवाला जरूर सांगा, पण बोटातून रक्त त्याच दिवशी द्या.

कोठारात काय नाही, हेही तितकंच मोलाचं. टोक्सोप्लाझ्मा या प्लाझ्मोडियमच्या नात्यातल्या परजीवीकडे ही पिशवी आहे. लहान मुलांना जुलाब करणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियमचा जनुकसंच २००४ मध्ये वाचला, तेव्हा त्या पिशवीचा स्वतःचा डीएनए त्यात कुठेच नव्हता. तो प्लाझ्मोडियमचाच भाऊबंद, पण त्यानं शेवाळ कधीच टाकून दिलेलं. त्यामुळे पिशवीवर नेम धरणारी औषधं तिथे निरुपयोगी, आणि त्याच्या औषधाचा शोध दुसऱ्याच जनुकांपासून सुरू करावा लागला.