चारशे दोन मीटर आणि एक घनमूळ

सरळ, सपाट पाव मैल. म्हणजे ४०२ मीटर. जागेवरून सुटायचं आणि दुसऱ्या टोकाला शेजारच्याच्या आधी पोचायचं. वळण नाही, फेऱ्या नाहीत, मध्येच टायर बदलणं नाही. ड्रॅग रेसिंग एवढंच असतं, आणि इतक्या सोप्या खेळात एक घनमूळ दडलेलं आहे. लागणारा वेळ गाडीचं वजन भागिले इंजिनची शक्ती, याच्या घनमुळाच्या प्रमाणात बदलतो.

हे घनमूळ येतं कुठून, ते कागदावर दोन मिनिटांत कळतं. इंजिन सतत सारखीच शक्ती देत असेल तर मिळालेली ऊर्जा वेळेच्या प्रमाणात वाढते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने वेग वाढतो तो वेळेच्या वर्गमुळाने, आणि कापलेलं अंतर वेळेच्या दीड घाताने. अंतर ४०२ मीटरवर बांधून समीकरण उलटं फिरवलं की घनमूळ हाती येतं. त्याचा अर्थ असा की वेळ निम्मा करायला आठपट शक्ती हवी. नुसता दहा टक्के वेळ वाचवायचा तरी शक्ती ३७ टक्क्यांनी वाढवावी लागते, नाहीतर गाडी २७ टक्क्यांनी हलकी करावी लागते.

पैसेवाल्याला हे घनमूळ त्रास देतं. पेन्शनीत भागवणाऱ्याच्या मात्र ते बाजूने असतं, कारण निम्म्याच ताकदीचं इंजिन बसवलं तरी वेळ दुप्पट होत नाही, जेमतेम २६ टक्क्यांनी वाढतो. ८०० अश्वशक्तीचं इंजिन बांधून घेणं आणि दर काही शर्यतींनंतर ते उघडून पुन्हा बांधणं हा श्रीमंतांचा उद्योग. ४०० अश्वशक्तीचं इंजिन चांगला हात असलेला माणूस स्वतःच्या गॅरेजमध्ये बांधू शकतो. अमेरिकेत आज सत्तरीच्या आसपासचे कितीतरी हौशी लोक १९६०च्या दशकातल्या धाटणीचे ड्रॅगस्टर, म्हणजे खास याच शर्यतीच्या गाड्या, घरी बांधून पळवतात. त्यांच्या हौसेला हेच गणित परवडतं.

हा खेळ वाढला तो मोकळ्या पडलेल्या धावपट्ट्यांवर. कॅलिफोर्नियात सांता अ‍ॅना इथे विमानतळाच्या पट्टीवर १९५० मध्ये तिकीट लावून शर्यती सुरू झाल्या. पुढच्याच वर्षी वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली, आणि रस्त्यावर जिवावर उदार होऊन पळणाऱ्या पोरांना नियम आणि जागा मिळाली. बेकर्सफील्डजवळच्या फमोसोची पट्टीही दुसऱ्या महायुद्धातल्या विमानतळाचीच. १९५९ पासून तिथे भरणाऱ्या मोठ्या शर्यतीला ‘मार्च मीट’ म्हणतात. आज ती जुन्या धाटणीच्या गाड्यांची पंढरी आहे. आपल्याकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यती झाल्या, त्याही याच परंपरेतल्या. लांब, सरळ आणि रिकामा डांबरी पट्टा दुसरीकडे मिळतो कुठे?

आता गाडीकडे येऊ. जुन्या धाटणीचा ड्रॅगस्टर पाहिला की पहिली गोष्ट खटकते ती चालकाची जागा. तो मागच्या चाकांच्याही मागे बसतो. पुढे लांबच लांब पाईपांची चौकट, तिच्या टोकाला सायकलला शोभतील अशी बारीक चाकं, मध्ये उघडं इंजिन, आणि चालकाचे पाय मागच्या डिफरन्शियलच्या (इंजिनची ताकद दोन्ही चाकांना वाटणाऱ्या पेटीच्या) दोन्ही बाजूंनी पुढे गेलेले. या रचनेला स्लिंगशॉट म्हणतात, आणि १९५०च्या दशकात ती रूढ करण्याचं श्रेय साधारणपणे मिकी थॉम्प्सन या रेसरला दिलं जातं. दिसायला विचित्र असली तरी ती एका नेमक्या प्रश्नाचं उत्तर आहे: जमिनीला ढकलणाऱ्या मागच्या चाकांवर जास्तीत जास्त वजन आणायचं कसं?

घनमुळाचा हिशेब इंजिनची सगळी ताकद जमिनीपर्यंत पोचते असं धरून चालतो. सुटताना तसं होत नाही. इंजिनपाशी हवी तेवढी ताकद असते, पण टायर घसरतो. रबर आणि रस्ता यांच्यातला घर्षणांक १ धरला आणि सगळं वजन मागच्या चाकांवर आणलं, तरी त्वरण गुरुत्वाकर्षणाइतकंच मिळेल. मग ४०२ मीटरला ९.०६ सेकंद लागणार, इंजिन कितीही राक्षसी असो. पण १९६४ मध्ये डॉन गार्लिट्स या अमेरिकी ड्रॅग रेसरने न्यू जर्सीत ताशी २०१ मैलांचा, म्हणजे सुमारे ३२४ किलोमीटरचा वेग नोंदवला, तेव्हा त्याची गाडी आठ सेकंदांच्या आत पोचली होती. कारण घर्षणांक १ पेक्षा जास्त असू शकत नाही असा काही निसर्गनियम नाही. मऊ, तापलेलं रबर डांबराच्या खाचाखोचांत शिरतं, पृष्ठभागाला अक्षरशः चिकटतं आणि फाटत फाटत ओढ देतं. शर्यतीआधी पाण्यावर चाकं भिजवून धूर काढतात तो प्रेक्षकांसाठीचा तमाशा वाटतो (थोडासा असतोही), पण मुख्य काम रबर तापवण्याचं आणि वरची धूळ-खडी काढण्याचं.

हे टायर गुळगुळीत असतात, त्यांना नक्षी नसते. आपल्या मोटारीच्या टायरात तीसेक पौंड हवा भरतो, हलक्या ड्रॅगस्टरच्या मागच्या टायरात पाच ते आठ पौंडच भरतात. सुटताना टायरच्या बाजूंना चुण्या पडतात, जमिनीला टेकणारा भाग लांबतो आणि झटका मुरतो. गाडीला मागे स्प्रिंग नसतातच. एक्सल थेट चौकटीला घट्ट बसवलेला असतो, त्यामुळे जी काही लवचीकता आहे ती टायरची आणि लांब चौकटीची. पुढे वेग वाढला की केंद्रोत्सारी परिणामाने टायर फुगून उंच होतो आणि गिअर न बदलताच गिअरचं प्रमाण थोडं बदलतं. दोनच गिअरचा जुना पॉवरग्लाइड गिअरबॉक्स इथे पुरतो, त्याचं हे एक कारण.

चालकासकट ७०० किलोची, ४०० अश्वशक्तीची गाडी घ्या. पकड चांगली मिळाली तर ताशी शंभरेक किलोमीटरपर्यंत तिला टायर अडवतो. त्यापुढे अडवतं ते इंजिन. आदर्श गणिताने तिला साडेसात सेकंद लागायला हवेत. सुरुवातीची घसरण, हवेचा विरोध आणि गिअरमधली गळती धरली की प्रत्यक्षात नऊ सेकंदांच्या जरा पुढे जाते, आणि शेवटी ताशी २४० किलोमीटरच्या आसपास पोचते. निवृत्तीनंतर सुटलेलं चालकाचं पोट या रचनेत अगदी योग्य जागी, एक्सलच्या मागे बसतं. दहा किलो वाढले तर घनमूळ सेकंदाचे चार शतांश काढून घेतं, पण सुटताना त्यातला थोडा हिस्सा पकडीच्या रूपाने परत मिळतो.

मागे वजन फार झालं तर मात्र बैलगाडी उलाळते तशी ही गाडीही पुढून उचलते, आणि हवेत असलेल्या चाकांनी दिशा देता येत नाही. म्हणून साठच्या दशकात टायर सुधारत गेले तशी चौकटही लांबत गेली. अडीच मीटरच्या आसपासचं दोन एक्सलमधलं अंतर पाच मीटरच्याही पुढे गेलं, आणि इंजिन पुढे सरकलं. चालक राहिला होता तिथेच.

त्याची किंमत ८ मार्च १९७० ला कॅलिफोर्नियातल्या लायन्स पट्टीवर दिसली. सुटतानाच गार्लिट्सच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्याच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. स्लिंगशॉटमध्ये क्लच, फ्लायव्हील (इंजिनबरोबर फिरणारं जड चाक), गिअरबॉक्स सगळं चालकाच्या पायांशी फिरत असतं. ३० सेंटिमीटर व्यासाचं फ्लायव्हील मिनिटाला ७००० फेऱ्या घेत असेल तर त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे ४०० किलोमीटर होतो. आपली ४०० अश्वशक्तीची अख्खी गाडी कधीच गाठणार नाही एवढा. कडेवरचा ताण फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणून ७००० फेऱ्यांना टिकलेलं ओतीव लोखंड ८००० ला टिकेलच असं नाही. फुटलं की तुकडे बंदुकीच्या गोळीसारखे सुटतात.

बरा झालेल्या गार्लिट्सने इंजिन चालकाच्या मागे नेलं. अशी गाडी आधीही काहींनी करून पाहिली होती, पण ती सरळ जात नसे. पुढे बसलेल्या चालकाला गाडीचं शेपूट वळतंय हे उशिरा कळतं आणि तो स्टीअरिंग जास्तच फिरवतो. गार्लिट्सच्या चमूने स्टीअरिंग मुद्दाम मंद केलं आणि गाडी सुधारली. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पोमोनाची विंटरनॅशनल्स ही मोठी शर्यत तो याच गाडीवर जिंकला. दोन-तीन वर्षांत वरच्या वर्गातून इंजिन पुढे असलेले ड्रॅगस्टर जवळपास नाहीसे झाले.

म्हणजे आज घरी स्लिंगशॉट बांधणारा माणूस समजून-उमजून हरलेली रचना निवडतो. मला यात वेडेपणा दिसत नाही. तो रचना जुनी ठेवतो, धातू आणि नियम आजचे घेतो. चौकट क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या पाईपांची, साध्या पोलादापेक्षा मजबूत, त्यामुळे भिंत पातळ ठेवता येते. हे पाईप टिग पद्धतीच्या वेल्डिंगनेच जोडावे लागतात, आणि जोड घासून गुळगुळीत करायला बंदी आहे. घासल्याने जोड पातळ होतो आणि आतला दोष झाकला जातो. वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला कानस आवरणं जड जात असणार. दहा सेकंदांच्या आत पळणारी गाडी असेल तर तपासनीस चौकट मंजूर करतो, पाईपाची जाडी अल्ट्रासाउंडने मोजतो. क्लचभोवती जाड पोलादी कवच लागतं. ताशी १५० मैल गाठणाऱ्या गाडीला पॅराशूट सक्तीचं. त्याचा रोध वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने ते वेग जास्त असतानाच कामाचं, निम्म्या वेगाला त्याची ओढ चौथाई उरते. मग ब्रेक.

इंजिन बहुधा शेव्हर्लेचं छोटं व्ही-आठ, १९५५ पासून कोट्यवधींनी निघालेलं, भंगारवाल्याकडेही मिळणारं. नायट्रोमिथेन या इंधनाच्या वाटेला हौशी माणसाने जाऊ नये. त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेत पेट्रोलच्या दुपटीहून जास्त ऊर्जा निघते, आणि दुपटीहून जास्त वेगाने इंजिनही निकालात निघतं. पेट्रोल किंवा मिथेनॉल बरं. मिथेनॉल बाष्प होताना भरपूर उष्णता शोषतं आणि आत येणारी हवा थंड करतं, पण त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, हे विसरून चालत नाही.

एवढं करून शर्यत जिंकायला सर्वांत वेगवान असावं लागतं असंही नाही. जुन्या गाड्यांचे बरेच वर्ग ठरावीक वेळेवर बांधलेले असतात. समजा ती ९.६० सेकंद आहे. दोघे एकाच वेळी सुटतात, आधी पोचेल तो जिंकतो, मात्र ९.६० च्या खाली गेलात तर बाद. मग खरी लढाई हवामानाशी सुरू होते. तापमान दहा अंशांनी चढलं की हवेची घनता सुमारे तीन टक्क्यांनी घटते, इंजिनची शक्तीही तेवढीच उतरते, आणि घनमुळामुळे वेळ एक टक्का, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग वाढतो. बेकर्सफील्डला वसंतात सकाळ गार आणि दुपार तापलेली असते, आणि निकाल तर शतांशांवर लागतात. म्हणून ही मंडळी तापमान, दाब, आर्द्रता वहीत टिपून ठेवतात आणि दुपारच्या फेरीला गाडी किती वेळ घेईल याचा अंदाज बांधतात. हे काम घाईच्या माणसाचं नव्हे.

सुटण्याच्या दिव्यांचा खांब १९६३ मध्ये आला. तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागतात, मग हिरवा. हिरव्याची वाट पाहणारा हरतो, कारण डोळ्यापासून पायापर्यंत संदेश पोचायला पाव सेकंद जातो आणि गाडी हलायला आणखी थोडा. तिसऱ्या पिवळ्यालाच सुटायचं असतं. वयाने प्रतिसाद मंदावतो तो शतांश सेकंदांनी, आणि दर वेळी सारखाच मंद असेल तर तो हिशेबात धरता येतो. गार्लिट्सने २०१४ मध्ये, ८२ व्या वर्षी, बॅटरीवरच्या ड्रॅगस्टरने पाव मैलात ताशी १८४ मैलांचा वेग गाठला.

इतक्या वेगाच्या गाडीसाठी परवाना लागतो. आधी वैद्यकीय तपासणी, मग थोडं-थोडं अंतर पळवत पूर्ण फेरीपर्यंत जायचं. त्यात एक परीक्षा डोळ्यांवर पट्टी बांधून असते. पॅराशूट, इंधन, इग्निशन, ब्रेक, प्रत्येक खटका न बघता हात लावून दाखवावा लागतो. उघड्या गाडीत गाडी उलटली तर हात पिंजऱ्याबाहेर जाऊ नयेत म्हणून तेही पट्ट्यांनी बांधलेले असतात, वर जाड हातमोजे. त्यामुळे घरी गाडी बांधणारा शहाणा माणूस खटके बसवण्याआधी पूर्ण पोशाख चढवून, पट्टे आवळून सीटमध्ये बसतो आणि हात कुठवर पोचतो तिथे खडूने खूण करतो.