पिसिडिन

पिसिडिन : अस्थिमत्स्यांच्या, विशेषतः पर्सिफॉर्मिस गणातील माशांच्या, शरीरात तयार होणाऱ्या सूक्ष्मजीवनाशक पेप्टाइडांचा (ॲमिनो अम्लांच्या आखूड साखळ्यांचा) एक गट. नमुनेदार पिसिडिन २२ ॲमिनो अम्लांचे, धनभारित आणि हिस्टिडिनाने समृद्ध असते. पेशीपटलाच्या सान्निध्यात ते आल्फा-सर्पिल आकार घेते. ते जीवाणूंचे पेशीपटल बिघडवते. काही पिसिडिने तांब्याचा आयन धरून जीवाणूच्या डीएनएपर्यंतही पोहोचतात. हा दुसरा गुणधर्म तुलनेने उशिरा लक्षात आला. धातूंच्या जटिल संयुगांचा स्फटिकशास्त्रीय अभ्यास आणि माशांची प्रतिकारशक्ती या दोन दूरच्या विषयांची गाठ त्यामुळे पडली, म्हणून प्रस्तुत नोंदीत त्याचा विचार अधिक विस्ताराने केला आहे.

शोध : अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना राज्य विद्यापीठातील उमापॉर्न सिल्फादुआंग आणि एडवर्ड नोगा यांनी २००१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात संकरित पट्टेरी बास माशाच्या मास्ट पेशींतून (कणांमध्ये संरक्षक द्रव्ये साठवणाऱ्या पेशींतून) मिळालेली तीन पेप्टाइडे वर्णिली व त्यांना पिसिडिन १, २ आणि ३ अशी नावे दिली. पट्टेरी बास (मोरोन सॅक्सॅटिलिस) आणि पांढरा बास (मोरोन क्रायसॉप्स) यांचा हा संकर मत्स्यशेतीसाठी वाढवला जातो. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, दुसऱ्या एका गटाने याच संकराच्या त्वचेतून व कल्ल्यांतून मिळालेल्या पेप्टाइडाला ‘मोरोनेसिडिन’ म्हटले. मोरोनेसिडिनाची दोन रूपे केवळ १८व्या स्थानी भिन्न आहेत: एकात आर्जिनीन, दुसऱ्यात लायसीन. पिसिडिन १ आणि २ यांच्यातही नेमका हाच फरक असल्याने दोन्ही नावे एकाच वस्तूची आहेत, हे आता सर्वमान्य आहे. एकेक रूप एकेका पालक-जातीकडून आले असावे. मोरोनेसिडिन हे नाव जुन्या शोधनिबंधांत आढळते. आज पिसिडिन हेच रूढ आहे.

२००२ च्या अभ्यासाने जनुकाची मांडणीही स्पष्ट केली. पेशीत प्रथम ७९ ॲमिनो अम्लांची पूर्वगामी साखळी बनते. तिच्यात २२ अम्लांचा संकेत-पेप्टाइड (साखळीला पेशीतील योग्य मार्गावर नेणारा भाग), त्यानंतर २२ अम्लांचे कार्यक्षम पेप्टाइड आणि शेवटी ३५ अम्लांचा जोडभाग असतो. कार्यक्षम पेप्टाइडाचे कार्बॉक्सिल टोक अमाइड स्वरूपात झाकलेले, तर ॲमिनो टोक मोकळे असते. तांब्याशी होणाऱ्या बंधासाठी मोकळे ॲमिनो टोक अत्यावश्यक आहे.

कोणत्या पेशीत? : पिसिडिन मास्ट पेशीत साठते, या मूळ विधानावर बरीच चर्चा झाली. माशांतील कणिकामय पेशींना मास्ट पेशी म्हणावे की नाही, हा वाद त्याआधीचा आहे. सस्तन प्राण्यांच्या मास्ट पेशींची ओळख मानली जाणारी हिस्टामीन माशांच्या या पेशींत नसते, असे बराच काळ समजले जाई, आणि म्हणून अनेक लेखक त्यांना केवळ ‘इओसिनरागी (इओसिन हा रंग घेणाऱ्या) कणिकामय पेशी’ म्हणत. स्पेनमधील मुर्सिया विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी २००७ मध्ये पर्सिफॉर्मिस माशांच्या मास्ट पेशींत हिस्टामीन साठते हे दाखवले, तेव्हा या वादाचा जोर ओसरला. मात्र २००८ मध्ये भक्षक कणिकापेशींतही पिसिडिन असल्याचे आणि गिळलेला जीवाणू ज्या पोकळीत अडकतो तेथे ते सोडले जात असल्याचे प्रसिद्ध झाले. दंडिका पेशी (रॉडलेट पेशी) या अजूनही गूढ मानल्या जाणाऱ्या पेशींतही ते आढळल्याची नोंद आहे. पिसिडिन केवळ मास्ट पेशींचे द्रव्य आहे, ही मूळ मर्यादा त्यामुळे टिकत नाही. माशाच्या जातीनुसार साठवणाऱ्या पेशी बदलतात, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

कुल व नातेसंबंध : अमेरिकेच्या किनाऱ्यावरील हिवाळी फ्लाउंडर या चपट्या माशाच्या श्लेष्मातून १९९७ मध्ये मिळालेले २५ अम्लांचे प्ल्युरोसिडिन हे या गटाचे पूर्वी ज्ञात झालेले नातलग. जपानमधील तांबड्या सी-ब्रीमच्या कल्ल्यांतील क्रिसोफ्सिन, युरोपीय सी-बासमधील डायसेंट्रासिन, हेकरूच्या गटातील एपिनेफेलस कोइऑइड्स या माशातील एपिनेसिडिन, तसेच अटलांटिक कॉड आणि तिलापिया यांतील पिसिडिने याच कुलात मोडतात. कीटकांतील सेक्रोपिन या जीवाणूनाशक पेप्टाइडांशी या कुलाचे साम्य दाखवले गेले आहे. त्यावरून समान पूर्वज मानावा की समान गरजेतून आलेले साम्य मानावे, याबाबत दोन मते आहेत. इतक्या आखूड साखळ्यांच्या तुलनेवरून दूरचे नाते ठामपणे सांगणे धाडसाचे आहे.

रचना : पाण्यात पिसिडिनाला निश्चित आकार नसतो. जीवाणूच्या पटलासारख्या ऋणभारित मेदस्तराशी संपर्क येताच त्याचे सर्पिल बनते; सर्पिलाच्या एका बाजूला जलविरोधी आणि दुसऱ्या बाजूला धनभारित अम्ले येतात. अशी आखूड, लवचिक व मेदस्तरावर अवलंबून असलेली पेप्टाइडे क्ष-किरण विवर्तनासाठी लागणारे चांगले स्फटिक सहजी देत नाहीत. म्हणून पिसिडिन १ आणि ३ यांच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उच्च-विभेदन रचना घनस्थिती एनएमआर (अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन) तंत्राने, प्रवाही मेदस्तरातच ठरवल्या गेल्या. त्यांत सर्पिल पटलाच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, किंचित कललेले आणि १३व्या स्थानच्या ग्लायसिनापाशी वाकलेले दिसते. या कुलाबाहेर मात्र धातूसह स्फटिकरचना मिळाल्याचे एक ठळक उदाहरण आहे: मानवी घामातील डर्मसिडिन. त्याची जस्ताचे आयन असलेली, सहा रेणूंनी बनलेल्या नलिकेची रचना २०१३ मध्ये क्ष-किरणांनी उलगडली.

तांब्याचे बंधन : पिसिडिन १ ची सुरुवात फेनिलॲलॅनीन-फेनिलॲलॅनीन-हिस्टिडीन अशी, तर पिसिडिन ३ ची फेनिलॲलॅनीन-आयसोल्युसीन-हिस्टिडीन अशी होते. मोकळे ॲमिनो टोक आणि तिसऱ्या स्थानी हिस्टिडीन, एवढ्या दोन अटी पुऱ्या झाल्या की द्विसंयुजी तांबे व निकेल यांना घट्ट धरणारी जागा तयार होते. तिला ‘ॲटकन’ आकृतिबंध म्हणतात. टोकाचा ॲमिनो नायट्रोजन, पेप्टाइड कण्यातील प्रोटॉन गमावलेले दोन अमाइड नायट्रोजन आणि हिस्टिडिनाच्या इमिडाझोल वलयातील एक नायट्रोजन, असे चार नायट्रोजन आयनाभोवती जवळपास एका प्रतलात चौरस करतात. तांब्याचे हे जटिल जांभळट, निकेलचे पिवळे दिसते.

या रचनेचे ज्ञान माशांवरील संशोधनातून आलेले नाही. प्रथिने ओळखण्याच्या बाययुरेट परीक्षेतील जांभळ्या रंगामागे अमाइड नायट्रोजनांचे तांब्याशी बंध असतात, हे सिडनीच्या हॅन्स फ्रीमन यांच्या १९६० च्या सुमाराच्या स्फटिकशास्त्रीय कामातून स्पष्ट होऊ लागले. पुढे टोरांटो येथील बिबुधेंद्र सरकार आणि सहकाऱ्यांनी मानवी रक्तातील अल्ब्युमीन तांबे कसे वाहते याचा शोध घेताना ग्लायसीन-ग्लायसीन-हिस्टिडिनाचा मिथिल-अमाइड हा लहान नमुनारेणू घडवला. त्याच्या ताम्र-जटिलाची स्फटिकरचना १९७६ मध्ये प्रसिद्ध झाली. मानवी अल्ब्युमिनाच्या तिसऱ्या स्थानी हिस्टिडीन आहे, कुत्र्याच्या अल्ब्युमिनात तेथे टायरोसीन आहे आणि तेथील तांब्याची पकड लक्षणीय ढिली आहे. तिसऱ्या स्थानाचे महत्त्व यापेक्षा स्वच्छपणे दाखवणारा निसर्गातील दाखला क्वचितच मिळेल. पिसिडिनातील ताम्रस्थानाचे चित्र मुख्यतः अशा नमुनारेणूंच्या स्फटिकरचनांवर आणि वर्णपटांवर आधारलेले आहे. सलग चार नायट्रोजनांच्या भूमितीला फारसा पर्याय नसल्याने हे अनुमान भक्कम मानता येते.

या भूमितीचे काही परिणाम निघतात. तांबे धरताना कण्यातील अमाइडे प्रोटॉन गमावतात, त्यामुळे सुरुवातीची अम्ले सर्पिलाच्या हायड्रोजन-बंधांतून सुटतात आणि सर्पिल थोडे पुढून सुरू होते. भाराचा हिशोबही बदलतो: तांब्याचे दोन धन भार येतात, पण टोकाचा एक आणि दोन अमाइडांचे दोन असे तीन प्रोटॉन जातात, म्हणजे एकूण धनभार एकाने घटतो. केवळ विद्युत आकर्षणावर पिसिडिनाची मारकता अवलंबून असती, तर तांब्याने ती कमी व्हायला हवी होती. प्रत्यक्षात कनेक्टिकट विद्यापीठातील अल्फ्रेडो अँजेलिस-बोझा, विल्यम अँड मेरी महाविद्यालयातील मिरियम कॉटन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की, तांबे धरलेले पिसिडिन ३ डीएनए तोडण्यात पिसिडिन १ पेक्षा सरस आहे. सुप्तावस्थेत तग धरणारे जीवाणू आणि जैवपटल (जीवाणूंचे चिकट थर) यांच्याविरुद्धही ते अधिक प्रभावी ठरते. पिसिडिन १ ची ताकद मात्र मुख्यतः पटल फोडण्यात आहे. तांबे आपली संयुजा बदलत राहते व त्यातून क्रियाशील ऑक्सिजन रेणू निर्माण होतात, अशी या क्रियेची सर्वसाधारण मीमांसा आहे. सस्तन प्राण्यांच्या भक्षक पेशी गिळलेल्या जीवाणूभोवतीच्या पोकळीत तांबे ढकलतात, हे ज्ञात आहे. माशांतही पिसिडिन त्याच पोकळीत येत असल्याने दोघांची भेट तेथे होत असावी.

तांबे हा पिसिडिनाच्या कार्याचा गाभा आहे की जोड, याबाबत सावधगिरी हवी. डायसेंट्रासिन आणि अटलांटिक कॉडचे पिसिडिन यांत तिसरे अम्ल हिस्टिडीनच आहे. पण प्ल्युरोसिडिनात तेथे ग्लायसीन, क्रिसोफ्सिन-१ मध्येही ग्लायसीन आणि एपिनेसिडिन-१ मध्ये आयसोल्युसीन आहे. तरीही ही तिन्ही पेप्टाइडे जीवाणूनाशक आहेतच. यावरून पटलावरील क्रिया हा कुलाचा समान वारसा असून ताम्रबंधन काही शाखांनी मिळवलेले किंवा टिकवलेले जादा शस्त्र आहे, हा अर्थ सयुक्तिक दिसतो.

मारकता व उपयोग : पिसिडिने ग्रॅम-धन व ग्रॅम-ऋण अशा दोन्ही जीवाणूंवर चालतात, आणि खाऱ्या माध्यमात निष्प्रभ होणाऱ्या अनेक पेप्टाइडांच्या उलट, जास्त मिठातही काम करतात. सागरी माशाच्या कल्ल्यांसाठी ही बाब महत्त्वाची आहे. मत्स्यविषाणू निष्क्रिय करण्याचे प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. पिसिडिन २ चा त्वचा-कल्ल्यांवरील ॲमिलूडिनियम, क्रिप्टोकॅरिऑन यांसारख्या परजीवींवरील परिणाम २००८ मध्ये नोंदला गेला. पिसिडिन १ सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशीही फोडते, त्यामुळे औषध म्हणून ते जसेच्या तसे वापरण्यात अडचण आहे. या बाबतीत पिसिडिन ३ सौम्य आहे. प्रथिनविघटक विकरांपुढे आखूड पेप्टाइडे टिकत नाहीत, हा दुसरा अडथळा. म्हणून क्रमातील एखाददुसरे अम्ल बदलून केलेल्या कृत्रिम रूपांवर काम चालू आहे.