कार्बोरेटरची वाटी टाकीत उतरते तेव्हा

साताऱ्याहून कासला जाताना यवतेश्वरचा घाट लागतो. माझ्या मित्राची नव्वदीच्या दशकातली छोटी, पण भन्नाट पळणारी गाडी या घाटात हमखास ठसका द्यायची. टाकी पाव भरलेली असली आणि वळण डावीकडचं असलं की इंजिन क्षणभर गुदमरायचं. गाडीचं कार्बोरेटरचं (हवेच्या झोताने पेट्रोल ओढून मिसळणारं) इंजिन काढून त्याने इंजेक्शनचं (पंपाच्या दाबाने पेट्रोल फवारणारं) बसवलं होतं. टाकी मात्र जुनीच ठेवलेली, आणि पंप टाकीबाहेर.

40 मीटर त्रिज्येचं वळण ताशी 50 किलोमीटरने घेतलं, की पेट्रोलवर बाजूने पडणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ निम्मा असतो. पेट्रोलचा पृष्ठभाग 26 अंशांनी कलतो. थोडंच पेट्रोल असेल तर ते सगळं एका कोपऱ्यात चढतं, नळीचं तोंड उघडं पडतं आणि पंप हवा ओढतो.

मग जुन्या इंजिनाला हा त्रास का नव्हता? कार्बोरेटरला स्वतःची वाटी असते, तरंगत्या फ्लोटची. टाकीतून क्षणभर हवा आली तरी वाटीतल्या पेट्रोलवर इंजिन काही सेकंद आरामात चालतं, तोवर वळण संपलेलं असतं. इंजेक्शनमध्ये अशी वाटीच नाही. तिथे पेट्रोल साधारण 3 बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे तिप्पट दाबाने थेट इंजेक्टरपाशी, म्हणजे फवारणाऱ्या तोटीपाशी उभं असतं. पंपात हवा शिरली की दाब लगेच पडतो.

2000 सालच्या प्रदूषण नियमांनंतर आपल्याकडे कार्बोरेटर मागे पडत गेला, तशी ही वाटी जणू टाकीत उतरली. नव्या टाकीच्या तळाशी एक डबा असतो आणि पंप त्यातच बुडालेला असतो. अनेक गाड्यांत इंजिनाला नको असलेलं पेट्रोल परत येतं, ते बारीक भोकातून जोरात सुटतं आणि ती धार आजूबाजूचं पेट्रोलही ओढून डब्यात नेते. कार्बोरेटरमध्ये हवेचा झोत पेट्रोल ओढायचा, इथे पेट्रोलच पेट्रोलला ओढतं. मला ही युक्ती फार आवडते. शिवाय बुडालेल्या पंपाला लांबून ओढावं लागत नाही, म्हणून उन्हाळ्यात नळीत वाफेचे बुडबुडे धरत नाहीत, आणि भोवतालच्या पेट्रोलनेच तो थंड राहतो.

तेव्हा ठरलं, नंतरच्या इंजेक्शन मॉडेलची टाकी बसवायची. तिच्या परतीच्या नळीचं तोंड जुळेना. मित्र म्हणाला, "टाकी रिकामीच आहे, तोंड कापून इथेच डाग देऊ." मिस्त्रींनी टाकी हातातून काढून घेतली. "दादा, भरल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीला भ्यायचं."

त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. हवेत पेट्रोलची वाफ साधारण 1.4 ते 7.6 टक्के असेल तरच ती पेट घेते. पेट्रोल असलेल्या टाकीत वाफ याहून कितीतरी जास्त असते, म्हणून तर आत विजेवरचा पंप निर्धास्त चालतो. रिकाम्या टाकीत हवा शिरते, आणि कानाकोपऱ्यात राहिलेले थेंब नेमकं पेटणारं मिश्रण तयार करतात. अशा टाकीला ज्योत लावणं म्हणजे बॉम्बला हात घालणं. कृपा करून कुणी करू नका. आम्ही इंजेक्शनच्या दाबाला चालणारी नळी आणि योग्य जोड आणून काम भागवलं.

रबराच्या जुन्या नळ्याही त्याच वेळी बदलल्या. आपल्याच भागातल्या उसाचं इथेनॉल आता 20 टक्क्यांपर्यंत पेट्रोलमध्ये असतं. जुनं रबर त्याने फुगतं, तडकतं. इथेनॉल पाणीही धरून ठेवतं, त्यामुळे पत्र्याची टाकी आतून गंजायची भीती वाढते.

पाव टाकीवर घाट पुन्हा चढलो. ठसका गेला. डॅशबोर्डवरचा काटा मात्र भरल्या टाकीला अर्धीच दाखवत होता, कारण नव्या टाकीत पातळी मोजणाऱ्या फ्लोटचा विद्युत रोध जुन्या काट्याशी जुळत नव्हता. मग पेट्रोल पंपावर पाच-पाच लिटर टाकत गेलो, आणि दर वेळी मित्राने काट्याच्या काचेवरच्या चिकटपट्टीवर पेनाने एकेक रेघ मारली.