खड्डामाग : उभारणी व जुळवणी

जमिनीतील खड्ड्यात पाय सोडून, काठावर बसून विणण्याचा हातमाग. चौकटीच्या मागापेक्षा याला लाकूड कमी लागते आणि बराचसा भार जमीनच पेलते. त्यामुळे साळी, कोष्टी इ. विणकर कुटुंबे तो राहत्या घरातच उभारीत आली.

पायाने चालणाऱ्या मागाचा उगम वादग्रस्त आहे. आडवा जमिनीवरचा माग फार जुना. ईजिप्तमधील बदारी येथील एका मृत्पात्रावरचे त्याचे चित्र सामान्यतः इ. स. पू. पाचव्या सहस्रकातील मानतात. मात्र त्यात पावडे (ताण्याचे धागे वर-खाली करण्यासाठी पायाने दाबायच्या पट्ट्या) नाहीत. चीनमधील हान काळातील शिल्पपटांवर (सुमारे इ. स. दुसरे शतक) पावड्यांचा माग स्पष्ट दिसतो. ईजिप्तमध्ये थीब्झजवळच्या मठात सापडलेले खड्डे मागाचेच असावेत, असे उत्खननकर्त्यांचे मत असून ते सहाव्या-सातव्या शतकांच्या सुमाराचे आहेत. भारतात ऋग्वेदात ताणा (उभे धागे), बाणा (आडवे धागे), खुंट्या व धोटा (बाणा ताण्यातून आरपार नेणारे साधन) यांचे उल्लेख येतात; त्यांवरून पायांच्या यंत्रणेचे अनुमान काढणे धाडसाचे ठरेल. मांडू येथील एका सचित्र फार्सी कोशातील (पंधराव्या शतकाचा उत्तरार्ध) विणकराचे चित्र हा त्यामानाने भक्कम पुरावा होय. खड्डामाग भारतातच निर्माण होऊन पश्चिमेकडे गेला, हे मत आकर्षक असले तरी चित्रांच्या पुराव्याने चीनचे पारडे तूर्त जड दिसते.

उभारणीसाठी ओल धरणारी पण पाणी न साचणारी जागा निवडतात. हवेतील दमटपणामुळे सुती ताणा कमी तुटतो. खड्डा साधारण गुडघाभर खोल असून विणकराच्या पायांच्या लांबीप्रमाणे तो कमीअधिक करतात. पुढे कापड गुंडाळण्याचा रूळ, मागे ताण्याची आडवी काठी व ती ओढून धरणारी खुंटी आणि वर वया (ताण्याचे धागे उचलणारे दोऱ्यांचे फास) व फणी (बाणा ठोकून बसवणारी दातेरी चौकट) टांगण्याचा आडवा दांडा अशी मांडणी असते. पुढचा रूळ आणि मागची आडवी काठी परस्परांना समांतर हवीत. त्यांची टोके दोरीने कर्णरेषेत मोजली असता दोन्ही मापे सारखी आली पाहिजेत. तसे नसल्यास एका काठाकडचा ताणा सैल पडतो आणि कापड तिरके जाते.

जुळवणीत वयांची उंची निर्णायक असते. पावडा दाबल्यावर खालचे धागे फणीच्या लाकडी पट्टीला अलगद टेकावेत. ते अधांतरी राहिले तर धोटा खाली निसटतो, फार दाबले गेले तर घासून तुटतात. म्हणून वयांना पावड्यांशी जोडणाऱ्या दोऱ्या थोड्याथोड्या आवळून पाहतात. फणी ताण्याशी काटकोनात आदळावी. फणीच्या एका घरात (दोन दात्यांमधील फटीत) बहुधा दोन धागे ओवतात. एखादे घर चुकले की रेघ कापडभर उमटते.

जॉन केने इंग्लंडमध्ये १७३३ मध्ये पेटंट घेतलेला झटक्याचा (दोरी ओढून फेकला जाणारा) धोटा भारतात मुख्यतः विसाव्या शतकात पसरला. त्यासाठी धोटा थांबण्याच्या दोन्ही बाजूंच्या पेट्या फणीच्या पट्टीच्या पातळीत बसवाव्या लागतात. पैठणीच्या पदराची नक्षी मात्र लहान कांड्या (रंगीत धागा गुंडाळलेल्या नळ्या) हाताने फिरवूनच विणतात.

ताणा संपत आला की तो कापून काढीत नाहीत. जुन्या टोकांना नव्या ताण्याचा एकेक धागा पीळ देऊन जोडतात. याला सांधणी म्हणतात. तीमुळे वया व फणी पुन्हा ओवावी लागत नाही. फणीचा नंबर (घरांची दाटी) बदलायचा असेल तरच सगळे धागे नव्याने भरतात.